आरव्ही-७ए साठी इंजिन: ओव्हरहॉल केलेलं घ्यावं की नवं?

उडता कोल्हापूरकर

नमस्कार मंडळी,

आरव्ही-७ए, म्हणजे किट आणून घरी बांधायचं छोटं विमान, त्याचा सांगाडा चाकांवर उभा राहिलाय, फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) पुढचं काम सुरू करायचंय आणि इंजिनापाशी गाडी अडली आहे. मुक्काम ह्यूस्टन, टेक्सास. प्रॉपेलर कॉन्स्टंट-स्पीड (तेलदाबाने पात्यांचा कोन बदलणारा) ठरलाय.

पर्याय पहिला: लायकमिंग ओ-३६०-ए१ए, १८० अश्वशक्ती. मागच्या ओव्हरहॉलनंतर १,६४० तास झालेत. पण ज्या विमानात ते होतं, ते गेली नऊ वर्षं गॅल्व्हस्टनजवळच्या हँगरमध्ये नुसतं उभं होतं. एक इंजिन-दुरुस्ती शॉप हा कोअर (म्हणजे हे जुनं इंजिन) घेऊन 'कम्प्लीट ओव्हरहॉल' करून देतो म्हणतंय.

पर्याय दुसरा: किट कंपनीमार्फत नवं लायकमिंग, तेवढ्याच अश्वशक्तीचं, कार्ब्युरेटरवालं. त्यासाठी बरंच थांबावं लागेल.

दोन्ही दरांत साधारण बारा हजार डॉलरचा फरक आहे. दोन्हींचा टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधलं अंतर) २,००० तासच, मग बारा हजार वाचवावेत असं घरचं मत. शॉपला नेमकं काय विचारायचं आणि हा फरक खरा किती, हे जाणकारांनी सांगावं.

---

पाना-हातोडी

कोल्हापूरकर, आधी एक गोष्ट बाजूला काढू. टीबीओ ही हमी नाही, कंपनीची शिफारस आहे. आणि त्याला तासांबरोबर वर्षांचीही अट आहे: लायकमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १००९ नुसार तास भरले नाहीत तरी बाराव्या वर्षी ओव्हरहॉल करा. तेव्हा 'दोन्हींचा २,०००' म्हणून दोन्ही सारखी, हा हिशेब चालत नाही.

आता 'कम्प्लीट ओव्हरहॉल'. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामकाच्या) नियम ४३.२ प्रमाणे ओव्हरहॉल म्हणजे इंजिन खोललं, धुतलं, तपासलं, गरजेपुरतं दुरुस्त केलं, जोडलं आणि चालवून पाहिलं. कुठला भाग किती झिजलेला चालेल, ते त्यात कुठेच ठरत नाही. लायकमिंगच्या मापांच्या तक्त्यात प्रत्येक फिटसाठी दोन रकाने असतात, एक नव्या भागाचा आणि एक सर्व्हिस लिमिटचा, म्हणजे झीज जास्तीत जास्त किती चालेल त्याचा. सर्व्हिस लिमिटच्या आत काठावर बसलेला भाग परत बसवला तरी ते कायद्याने ओव्हरहॉलच. नव्या मापांना जोडलेलं इंजिनही ओव्हरहॉलच. दोन शॉपांच्या दरांत जी तफावत दिसते, ती बरीचशी इथेच मुरते.

'रीबिल्ट' ही वेगळी भानगड. नव्याच्या मापांत जोडून, मागचे तास पुसून कोरं लॉगबुक देण्याचा अधिकार फक्त उत्पादकाला किंवा त्याने नेमलेल्याला. बाकी कोणी 'झीरो टाइम' म्हणालं तर तिथेच मनात शंकेची पाल चुकचुकली पाहिजे.

शॉपकडून लेखी घ्या:

कॅमशाफ्ट नवा, ग्राइंड केलेला की तोच? टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे भाग) नवे का? जुना टॅपेट नव्या किंवा ग्राइंड केलेल्या कॅमवर कधीही नको, दोघं एकमेकांना खातात. सिलिंडर नवे की जुनेच दुरुस्त? क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) स्टँडर्ड मापाचे की अंडरसाइज, आणि मॅग्नाफ्लक्सचा (चुंबकाने तडे शोधण्याच्या चाचणीचा) अहवाल कुठे आहे? केस (क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच) तपासणीला बाहेर पाठवणार का, की पुसून परत? सर्व्हिस बुलेटिन २४० मधले सगळे भाग बदलणार का? त्यात बेअरिंग, रिंगा, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट-नट, सील, गॅस्केट हे येतंच. शेवटचं म्हणजे टेस्ट सेलवर किती वेळ चालवणार आणि त्याचं नोंदपत्रक देणार का.

जो याची उत्तरं कागदावर देत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. स्वस्त असला तरी.

आता तुमच्या कोअरबद्दल. मला १,६४० तासांची चिंता नाही, नऊ वर्षांची आहे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थांबलं की तेल ओघळून खाली संपमध्ये जातं आणि कॅमच्या लोबवर जेमतेम एक थर राहतो. गॅल्व्हस्टनची खारी दमट हवा महिनोन्‌महिने त्यावर बसली की लोबवर आणि टॅपेटच्या चेहऱ्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढे चालवलं की कठीण थर पापुद्र्यासारखा निघतो, ती पूड तेलातून फिल्टरमध्ये जाते, आणि थोडी बेअरिंगांतही. सिलिंडर न काढता हे धड दिसत नाही. आणि या इंजिनात टॅपेट छत्रीसारखे आतून बसवलेले असतात, बदलायचे तर केस फोडावीच लागते.

म्हणून कॅम आणि टॅपेट गेलेच असं धरून चाला. खरा प्रश्न क्रँकशाफ्टचा आणि केसचा. हे दोन वाचले तर ओव्हरहॉलला अर्थ आहे. एक जरी बाद झालं, तर तुमचे बारा हजार त्यातच गेले.

---

जमाखर्च

वरच्यांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. दोन कोटेशन शेजारी ठेवून वजाबाकी करण्याआधी दोन्हींत काय काय येतं ते पाहा.

नव्या इंजिनासोबत बहुतेक वेळा इग्निशन, हार्नेस, स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर, इंधन पंप आणि हलका स्टार्टर येतो. तरी ऑर्डरची यादी ओळीने वाचा. ओव्हरहॉलच्या दरात शॉपनुसार यातलं अर्धंच असतं. मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारे) 'तपासून परत' की ओव्हरहॉल? स्लिक कंपनीचे असतील तर दर ५०० तासांनी उघडून पाहायचेच असतात, आणि तुमच्या मॅग्नेटोंवर मागचे तास किती हे कुणालाच ठाऊक नसतं. कार्ब्युरेटर, ३६० वर बहुधा एमए-४-५, त्याचं ओव्हरहॉल वेगळं बिल. जुना स्टार्टर प्रेस्टोलाइटचा असला तर तो धोंडा आहे. आजचे हलके स्टार्टर त्याच्या जवळपास निम्म्या वजनाचे असतात. स्टार्टर बदलताना रिंग गिअरचे दात मोजा, १२२ किंवा १४९. न जुळणारा आणला तर एक तर परत पाठवा, नाहीतर रिंग गिअर बदला.

ऑइल कूलर आणि प्रॉप गव्हर्नर (प्रॉपला तेलदाब देऊन त्याचा वेग सांभाळणारा) जुनेच वापरू, असा मोह होतो. कोअरमध्ये धातूची पूड झाली असेल तर दोन्ही नकोत. कूलरच्या बारीक नळ्यांतून पूड पूर्ण धुऊन निघाल्याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि ती पहिल्या तासात तुमच्या कोऱ्या बेअरिंगांत उतरते.

शिवाय कोअरची वाहतूक, क्रेट आणि 'कोअर बाद ठरला तर वाढीव आकार' हे कलम. तुमच्या बारा हजारांतले पाच-सहा हजार असे निसटले तर मला नवल वाटणार नाही.

---

उलटतपासणी

सगळे नव्याच्या बाजूला झुकलेत, तर दुसरी बाजू मांडतो.

नवं म्हणजे निर्दोष असं कुणी समजू नये. २०१७ सालचा एडी (एफएएचा सक्तीचा सुरक्षा आदेश) २०१७-१६-११ आठवा: कनेक्टिंग रॉडच्या छोट्या टोकाचे बुश सैल बसलेले निघाले. त्यात कारखान्यातून आलेली नवी इंजिनं होती, रीबिल्ट होती आणि त्याच काळातले सुटे बुश घालून शॉपांनी ओव्हरहॉल केलेलीही होती. बुश सरकून बाहेर आला का, ते सिलिंडरखाली डोकावून पाहायचं आणि मग दाबून तपासायचं, असा सगळा खटाटोप. भाग एकाच पुरवठादाराकडून आला की 'नवं' आणि 'ओव्हरहॉल' एकाच बोटीत.

क्रँकशाफ्टचंही तेच. एडी २०१२-१९-०१ मध्ये काही ३६० आणि ५४० इंजिनांचे ठरावीक अनुक्रमांकांचे क्रँकशाफ्ट बाद ठरवले आहेत, आणि तेही एकेकाळी नवेच होते. कोल्हापूरकर, तुमच्या कोअरच्या क्रँकचा नंबर या यादीत आणि सर्व्हिस बुलेटिन ५६९ मध्ये पाहा. तो यादीत निघाला तर तो कोअर विसरा.

जुन्या इंजिनाचा एक फायदा मात्र कुणी मांडला नाही. ज्या केसने आणि क्रँकने दीड-दोन हजार तास काढलेत, त्यांतले जन्मजात दोष तोवर बहुधा दिसलेले असतात. चांगल्या हाताने, नव्या मापांना, नव्या सिलिंडरांसह जोडलेलं इंजिन नव्याइतकंच चालतं.

आणि तिसरा पर्याय आहेच: चालत्या विमानातलं अर्ध्या आयुष्याचं इंजिन, नियमित उडालेलं, लॉगबुक अखंड. पण ते काढण्याआधी पाहा. गरम इंजिनावर ८० पीएसआयची कॉम्प्रेशन टेस्ट: ७० च्या वर ठीक, ६५ च्या खाली झिजलेलं, आणि दोन सिलिंडरांत १० ते १५ चा फरक असला तर कारण शोधायचं. बोअरस्कोपने एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा बघा. मधल्या वर्तुळाचा रंग सगळीकडे सारखा हवा. एका कडेला चंद्रकोरीसारखा वेगळा पट्टा दिसला तर तो व्हॉल्व्ह तिथे गळतोय आणि जळतोय. तेल फिल्टर तिथल्या तिथे कापून घडी उलगडा. आणि लॉगबुकात 'प्रॉप स्ट्राइक' शोधा. प्रॉप कशाला लागला असेल तर एडी २००४-१०-१४ प्रमाणे मागच्या क्रँक गिअरचा बोल्ट आणि डॉवेल तपासल्याची नोंद हवीच.

---

उडता कोल्हापूरकर

सगळ्यांचे आभार, डोळे उघडले. शॉपला यादी पाठवली, उत्तर आलं:

क्रँकचा नंबर कुठल्याच यादीत नाही. केस बाहेर तपासायला पाठवणार. कॅम ग्राइंड करून, टॅपेट नवे. सिलिंडर तेच, क्रोम केलेले. क्रँकचे जर्नल 'गरज पडल्यास ०.०१० अंडरसाइज'. टेस्ट सेलवर दोन तास. मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटरचं ओव्हरहॉल वेगळं. माप कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "सर्व्हिस लिमिट, सगळे तेच करतात."

शिवाय एका ओळखीच्यांनी सेसना १७२ मधलं ओ-३२०-एच२एडी फुकटात देऊ केलंय. ते घेऊ का?

---

पाना-हातोडी

फुकटचं आधी निकालात काढू. एच२एडी नको. १९७७ ते १९८० च्या १७२ मध्ये आलेलं हे इंजिन, मागची बाजू आणि केस नेहमीच्या ३२० पेक्षा वेगळी, कॅम-टॅपेटची अडचण जगजाहीर, त्यासाठी तेलात लायकमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ घालावं लागतं. दोन्ही मॅग्नेटो एकाच ड्राइव्हवर. कॉन्स्टंट-स्पीड प्रॉप त्यावर बसत नाही, म्हणजे तुमच्यापुरतं प्रकरण तिथेच संपलं.

एकूणच उंच पंखाच्या सेसनातून काढलेलं इंजिन घेताना एक गोष्ट चुकते. तिथे इंधन गुरुत्वाकर्षणाने येतं, त्यामुळे काही इंजिनांना यांत्रिक इंधन पंपाची जागाच नसते. आरव्हीचे पंख खाली, पंपाशिवाय चालणार नाही. मग ऍक्सेसरी हाउसिंगच बदला. शिवाय ओ-३६०-ए४एम सारख्या काही फिक्स्ड-पिच मॉडेलांचा क्रँक पुढून भरीव असतो, त्यातून प्रॉपला तेल जात नाही. तुमचा ए१ए पोकळ आहे, ते बरं. पण तो कधी फिक्स्ड-पिचवर चालला होता का, ते लॉगबुकात पाहा. तसं असेल तर आतला मागचा प्लग फोडलेला असणार, तो परत बसवावा लागेल. आणि अशा पोकळ क्रँकच्या आतल्या भोकात गंज खड्डे पाडतो. त्याची तपासणी एडी ९८-०२-०८ मध्ये आहे. तुम्ही कॉन्स्टंट-स्पीडवर चालवणार असलात तरी उघडल्यावर आत बघून घ्यायला पैसे पडत नाहीत.

आता शॉपचं उत्तर. 'सगळे तेच करतात' हे खोटं आहे. नव्या मापांना जोडणारी शॉपं आहेत आणि ती तसं कागदावर लिहून देतात.

सिलिंडर. जुने सिलिंडर हा यातला सगळ्यात महाग 'स्वस्त' भाग. नळकांडं क्रोम करून परत मापात आणता येतं, पण वरचं डोकं ऍल्युमिनियमचं. ते तापून-निवून थकत जातं, आणि आधीच्या ओव्हरहॉलपूर्वी त्याने किती तास काढले याची नोंद बहुतेक वेळा नसते. तडे बहुधा एक्झॉस्ट पोर्ट आणि स्पार्क प्लगच्या भोकाच्या मध्ये जातात. क्रोममध्ये रिंगाही उशिरा बसतात आणि तेल जास्त खातं. क्रोम सिलिंडरावर नारिंगी पट्टा असतो, नायट्राइडवर (नायट्रोजनने कठीण केलेल्यावर) निळा. रिंगांची जोडी त्याप्रमाणे लागते. क्रोमवर क्रोम रिंग घातली तर दोन्ही गेलं. नवे सिलिंडर मागा.

क्रँक. ०.०१० इंच खरवडला की वरचा नायट्राइडचा कठीण थर उरत नाही, परत नायट्राइड करावा लागतो. ०.००३ किंवा ०.००६ वर पॉलिशने भागतं. तेव्हा '०.०१० असेल तर रीनायट्राइडचा दाखला' असं करारात लिहून घ्या. अंडरसाइज बेअरिंग घालायचं ते तेव्हाच, आणि पुढच्या ओव्हरहॉलला हा क्रँक बाद होण्याची शक्यता जमेस धरा.

तेल पंपही विचारायचा राहिला. जुन्या इंजिनांत सिंटर्ड लोखंडाचे किंवा ऍल्युमिनियमचे इम्पेलर असायचे, ते एडी ९६-०९-१० ने काढायला लावलेत. मागच्या ओव्हरहॉलला बदलले असतील, नोंद बघा.

जोडणी करताना केसच्या दोन अर्ध्यांमध्ये काय लावतात हेही विचारून ठेवा. तिथे रेशमी धागा आणि पातळ सीलंट लागतं. कुणी गॅस्केटसारखा जाड सिलिकॉन थापला, किंवा सिलिंडरच्या बुडाच्या फ्लँजवर रंगाचा थर राहिला, तर तो थर हळूहळू दबतो आणि स्टडचा ताण उतरतो. मग बेअरिंग जागेवर फिरतं, तेलाचं भोक बंद होतं. वाइड-डेक सिलिंडरच्या अर्ध्या इंची नटांना ५० फूट-पाउंड आणि ३/८ च्या नटांना २५, टप्प्याटप्प्याने आणि ठरल्या क्रमाने. तुमच्या इंजिनाच्या अनुक्रमांकाच्या शेवटी 'ए' असेल तर वाइड-डेक. नसेल तर नॅरो-डेक, आणि त्याचे सिलिंडर शोधताना जीव मेटाकुटीला येतो. नॅरो-डेक निघालं तर मी कोअर तिथेच सोडीन.

माझं मत: हा कोअर तुम्ही स्वतः विकत घेऊ नका. शॉपला म्हणा, तुम्ही घ्या, उघडा, क्रँक आणि केसचे अहवाल दाखवा, मग मी ऑर्डर देतो. नवे सिलिंडर, नवा कॅम, नवी मापं आणि सगळ्या ऍक्सेसरीज धरून नवा दर मागा. नव्या इंजिनाशी फरक चार-पाच हजारांवर आला तर नवं घ्या. नव्यात रोलर टॅपेट येतात, म्हणजे ज्या कॅमवर एवढं लिहिलं तिथली घासाघीस मुळातच कमी. लॉगबुक कोरं, आणि विकताना कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही.

---

उलटतपासणी

क्रोम सिलिंडर आणि सर्व्हिस लिमिट? मग मीही माझं वजन नव्याच्या पारड्यात टाकतो. माझी वकिली चांगल्या ओव्हरहॉलसाठी होती, ह्याच्यासाठी नाही.

एकच भर. एक्सपेरिमेंटलमध्ये (घरी बांधलेल्या विमानांच्या वर्गात) इंजिन कुणीही जोडू शकतं, सर्टिफाइड शॉपच हवं असं नाही. पण सर्टिफाइड इंजिन आणि प्रॉपची मंजूर जोडी असेल तर फेज वनच्या (पहिल्या टप्प्याच्या) चाचणी-उड्डाणांचे तास परंपरेने २५, नाहीतर ४०. इग्निशन, पिस्टन बदलून इंजिन मूळ मंजुरीच्या बाहेर नेलंत तर ही सवलत जाते. डेटा प्लेट आणि जुनी लॉगबुकं सांभाळा.

---

जमाखर्च

नवं घेणार असाल तर वेळेचं गणित जमवा. इंजिन लवकर आणून गॅरेजमध्ये दोन वर्षं ठेवलं तर ह्यूस्टनमध्ये तुम्हीच नवा 'गॅल्व्हस्टनचा कोअर' तयार कराल. वॉरंटी पाठवल्या तारखेपासून मोजतात की पहिल्या स्टार्टपासून, आणि कमाल मुदत किती, हे ऑर्डर देतानाच विचारा. कारखान्यातून आलेले डेसिकंट (ओलावा शोषणारे) प्लग आणि पिशवी तशीच ठेवा. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की प्लग बदला. आणि कृपा करून 'बघूया तरी' म्हणून प्रॉप हाताने फिरवू नका, लोबवरचा जपणुकीचा थर पुसला जातो.

पहिल्या स्टार्टआधी वरचे प्लग काढून स्टार्टरने फिरवा, तेलदाब किमान २० पीएसआय दिसेपर्यंत, एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग जमिनीवर कमीत कमी चालवा. टॅक्सीच्या चाचण्या जुळवत तासभर कमी आरपीएमवर घालवला की नव्या सिलिंडरांच्या भिंती चकचकीत होतात आणि रिंगा बसतच नाहीत. घरी बांधलेल्या विमानांत हे सर्रास होतं, कारण नवं विमान आणि नवं इंजिन यांच्या गरजा उलट्या असतात. ब्रेक, रेडिओ, पिटो हे सगळं इंजिन बंद ठेवून आधीच आटपा.

पहिला तास ७५ टक्क्यांवर, दुसऱ्या तासात ६५ आणि ७५ आलटून पालटून. तेल साधं मिनरल, अॅडिटिव्ह नसलेलं, ५० तास किंवा खप स्थिर होईपर्यंत. सीएचटीची (सिलिंडरच्या डोक्याच्या तापमानाची) छापील कमाल ५०० फॅरेनहाइट असली तरी ४३५ च्या वर सतत जाऊ देऊ नका. ४०० ला पोचलं की नाक खाली, वेग वाढवा. बॅफलच्या (थंड हवा सिलिंडरांवर वळवणाऱ्या पत्र्यांच्या) फटी पहिल्या उड्डाणाआधी बंद करा, ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये त्या फटीच तुमचं तापमान ठरवतात. तेलाचा खप दर उड्डाणानंतर लिहा. कमाल मर्यादेचं सूत्र ०.००६ गुणिले अश्वशक्ती गुणिले ४, भागिले ७.४. तुमच्या १८० ला ताशी सुमारे ०.५८ क्वार्ट येतं, पण रिंगा बसल्यावर त्याच्या कितीतरी खाली राहिलं पाहिजे. खप एका पातळीवर आला आणि सीएचटी त्याच पॉवरला थोडं उतरलं की रिंगा बसल्या समजा, फिल्टर कापून बघा आणि मग अॅशलेस डिस्पर्संट (अॅडिटिव्ह असलेल्या) तेलावर जा.

---

उडता कोल्हापूरकर

शॉपला नवे सिलिंडर आणि नव्या मापांचा दर विचारला. फरक ३,८०० डॉलरवर आला, तोही मॅग्नेटो सोडून. नव्याचा फॉर्म भरतोय. इंजिन माउंट (इंजिन विमानाला धरून ठेवणारी चौकट) डायनाफोकल टाइप वन, ३० अंशवाला, हे किटच्या माउंटशी जुळतंय ना, एवढं कुणी सांगेल का?

---

पाना-हातोडी

जुळतं. पण ऑर्डरवर 'टाइप वन' शब्दांत लिहा, १८ अंशांचा टाइप टूही असतो आणि तो त्या माउंटवर बसत नाही. गव्हर्नर पुढे की मागे, तेही त्याच फॉर्ममध्ये टिक करा.